यादी उघडी असावी, माणूस उघडा पडू नये

आपला अर्ज का फेटाळला आणि दुसऱ्याचा कोणत्या आधारावर मंजूर झाला, हे सरकारी कचेरीला विचारण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळून वीस वर्षे उलटली. १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राने तर त्याआधी, २००२ सालीच, आपला स्वतंत्र कायदा केला होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून फेरीवाल्याने परवान्यांची यादी मागावी, यंत्रमागधारकाने अनुदानाचा हिशेब मागावा, हे त्यामुळे शक्य झाले. तो हक्क आता अरुंद झाला आहे. व्यापारी आणि कारागीर बांधवांत मात्र त्याची म्हणावी तशी चर्चा नाही, म्हणून हे चार शब्द.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) चे शब्दच बदलले. पूर्वी खासगी माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला कारण दाखवावे लागे: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी जीवनावर विनाकारण आक्रमण होते. तरीही व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी, असे त्याच कलमात होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या शब्दांत या अटी राहिल्या नाहीत. माहिती वैयक्तिक आहे, एवढे सांगणे नकारासाठी पुरेसे ठरू शकते.

लाभार्थ्याचे नाव वैयक्तिक, ठेकेदाराचे नाव वैयक्तिक, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही वैयक्तिक, असा अर्थ कोणी लावू लागला तर उरते काय? या हक्काची चळवळ उभी राहिली ती नावांवरच. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामावरील मजुरांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली, तेव्हा कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचलल्याचे बाहेर आले. नुसते आकडे वाचले असते तर ती चोरी कधीच सापडली नसती.

हीच गोष्ट आपल्या धंद्यांना लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, शिंपी, गवंडी अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि पुढे दोन लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. ते खऱ्या कारागिराला मिळाले की कधी हातोडा न धरलेल्याला, हे नावांची यादी पाहिल्याशिवाय कसे कळणार?

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळी आणि फळगाड्यांवर मालकांची नावे लावण्याचे फर्मान निघाले. ग्राहकाला माहिती हवी, हेच कारण पुढे केले गेले. पाटीवरचे नाव वाचून ग्राहकाने पुढच्या गाडीकडे जावे, हा त्याचा उघड परिणाम होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. पदार्थ कोणता आहे ते सांगायला लावा, नावे लावण्याची सक्ती नको, असे न्यायालयाने सांगितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली दिला होता.

मग रेघ कोठे ओढायची? आमच्या मते सरकारचा पैसा, परवाना किंवा जागा ज्याला मिळाली, त्याचे नाव, मिळालेली रक्कम किंवा जागा आणि मंजुरीचा आधार लोकांसमोर असावा. आधार क्रमांक, मोबाईल, बँक खाते, घरचा पत्ता आणि आजारपणाचे कागद झाकलेले असावेत. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीच्या नोंदीत विक्रेत्याचे नाव, दिलेली जागा आणि व्यवसायाचा प्रकार ठेवायला सांगितले आहे. लोकांना पडताळणी करण्यास तेवढे पुरे.

दार पूर्ण बंद झालेले नाही. कलम ८(२) प्रमाणे हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर आजही माहिती देता येते. कलम १० प्रमाणे झाकण्याजोगा भाग काढून उरलेला द्यावा लागतो. कलम ४(१)(ख) प्रमाणे अनुदानाचे लाभार्थी आणि परवानाधारक यांचा तपशील कचेरीने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. तेव्हा अर्ज करताना ही कलमे लिहा, लोकहित कोणते ते दोन ओळींत मांडा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला तर अपील करा. आणि ८(१)(ञ) चे जुने शब्द परत आणावेत, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी खासदारांकडे लेखी करावी.

शेवटी आपल्या गल्ल्याकडेही पाहू या. सिमकार्डाचे दुकान असो, हप्त्यावर वस्तू देणारा असो की झेरॉक्सवाला, गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये पडून असतात. कागदी उधारीची वही नव्या कायद्याबाहेर आहे, पण हे फोटो त्याच्या कक्षेत येतात. व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवली आहे. तिची वाट न पाहता काम संपलेले फोटो आजच काढून टाकावेत. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला कागद ही अमानत आहे. ती सांभाळणारा व्यापारीच सरकारकडे ताठ मानेने हिशेब मागू शकतो.