खाडीकाठचा हिशेब कुणाच्या वहीत?

भिवंडीतल्या गोदामाची किंमत कुणीही चटकन सांगेल. माणकोली, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात चौरस फुटाला भाडे किती, अनामत किती, कंटेनर वळायला जागा केवढी, सारे करारात लिहिलेले असते. याच पट्ट्याच्या मागच्या अंगाला, काल्हेर-कशेळीच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या तिवरांपुढे मात्र आकडा नाही. ओहोटीला चिखलातून वर आलेली त्यांची बोटभर उंचीची मुळे उघडी पडतात. झाड श्वास घेते ते त्यांच्यातून. मुळांच्या दाटीत निवटे सरपटत असतात आणि काठाला विटा-सिमेंटच्या राडारोड्याचे ढीग पडलेले असतात. हा भराव मुळांवर चढला की झाडाला कुऱ्हाड लावावी लागत नाही, ते उभ्या उभ्या वाळते. मग जमीन मोकळी होते, आणि मोकळ्या जमिनीचा दर बाजारात ठरलेलाच आहे. तिवर होते तेव्हा ते काय काम करत होते, हे कुणी लिहूनच ठेवलेले नसते.

अभ्यास झालेला नाही म्हणून असे होते का? तसे नाही. ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचे मुख यांवर ठाण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने तपासते. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी सल्लागार संस्था जाडजूड पर्यावरणीय अहवाल तयार करतात. अडचण अशी की हे सगळे एकमेकांना भेटत नाही. कामवारी नदीचेच घ्या. शहरातून जाताना ती सायझिंग-डाईंगचे पाणी पोटात घेते, काठावरच्या भरावाने आक्रसते, आणि जोराच्या पावसात भरतीची वेळ जुळली की तीनबत्ती आणि भाजी मार्केटात पाणी शिरते. या आक्रसण्याची शहराला दर पावसाळ्यात किती किंमत पडते? उत्तरासाठी पावसाचे आणि भरतीचे आकडे हवेत, भरावाचे जुने-नवे नकाशे हवेत, तलाठ्यांनी केलेले नुकसानीचे पंचनामे हवेत. यातला प्रत्येक कागद सरकारी पैशातून तयार होतो. पण पंचनामा तहसीलमध्ये, शहराचा नकाशा महापालिकेत, भोवतालच्या साठ गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आणि एखाद्या संशोधकाचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात.

हे कागद एकत्र आले की काय हाती लागते, ते ओडिशात दिसले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील गावोगावचे मृत्यू आणि गाव व समुद्र यांच्यामधला खारफुटीचा पट्टा यांची सांगड घातली. पट्टा रुंद तिथे मृत्यू कमी, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खारफुटी अजिबात नसती तर किनाऱ्याजवळच्या दर गावामागे सरासरी पावणेदोन माणसे आणखी दगावली असती, असा त्यांचा अंदाज होता. वादळ, गाव, झाड आणि माणूस यांच्या नोंदी एका टेबलावर आल्या, म्हणून हे कळले. भिवंडीला चक्रीवादळापेक्षा तुंबलेल्या पाण्याची धास्ती मोठी आहे, त्यामुळे तिथला आकडा इथे चिकटवता येणार नाही. इथला हिशेब इथल्याच नोंदींतून मांडावा लागेल.

कुणी म्हणेल, खारफुटी तोडायला कायद्यानेच बंदी आहे, मग हिशेब हवा कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला, हे खरेच. पण त्याच व्यवस्थेत सार्वजनिक हिताच्या प्रकल्पाला वाट ठेवलेली आहे. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडायला न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. आधीचा आकडा ५३ हजारांवर होता, तो खाली आणला गेला. तोडलेल्या झाडांच्या पाचपट रोपे लावू, असे रेल्वे महामंडळाने सांगितले. विरोध करणाऱ्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे म्हणणे होते की लावलेली रोपे किती जगतात याचा अभ्यासच झालेला नाही आणि वृक्षतोडीच्या परिणामांचा अहवालही मिळालेला नाही. निकाल योग्य की अयोग्य, या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की तराजूच्या एका पारड्यात प्रवासाचे वाचणारे तास होते आणि दुसऱ्यात झाडांची नुसती मोजदाद. वनजमिनीसाठी आकारले जाणारे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ ही उणीव भरून काढत नाही. २०२२ च्या सुधारित दरांनुसार ते हेक्टरी साधारण साडेनऊ ते सोळा लाख रुपये आहे, आणि ठरते वनाचा वर्ग व दाटी पाहून. मागे सात लाख वस्तीचे शहर आहे की निर्जन किनारा, याचा त्या दराशी संबंध नाही.

जास्त गंभीर आक्षेप दुसरा आहे. निसर्गाला रुपयांत बसवले की तो विकाऊ होतो, पैसे भरा आणि तोडा असा परवानाच मिळतो. ही भीती वाजवी आहे, आणि ‘नैसर्गिक भांडवल’ म्हणत फिरणारे काही जण ती खरी ठरवतीलही. पण संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये स्वीकारलेली परिसंस्थांच्या लेख्यांची पद्धत आधी क्षेत्र, मग स्थिती, मग सेवा मोजते. रुपये शेवटी येतात. खाडीकाठी तिवरे किती हेक्टर, त्यांची प्रकृती कशी, ती किती पाणी आणि गाळ धरतात, चिंबोरी-कोळंबीवर किती घरे चालतात, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. पैशाचे कलम कोरे सोडले तरी चालेल. आपले सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून असे पर्यावरणीय लेखे प्रसिद्ध करते, पण देश-राज्याच्या पातळीवरच्या आकड्यांवरून काल्हेरच्या भरावाचा निर्णय कसा घेणार?

माहिती उघडी केली तर प्रकल्प अडतील, ही सरकारी खात्यांची जुनी कुरकुर. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला आणि लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर. दडवून ठेवल्याने विरोध टळला नाही. उलट अहवालात काय आहे हे कळण्याआधीच अफवा गावोगाव पोचल्या. दुर्मीळ प्राण्यांची घरटी-बिळे नकाशावर नसावीत, हे मान्य. पण पाण्याचा नमुना आणि भरावाचा नकाशा यांत गुपित कसले? संशोधकांचाही एक रास्त मुद्दा आहे: वर्षानुवर्षे चिखल तुडवून गोळा केलेली माहिती दुसराच कुणी उचलून स्वतःच्या नावावर छापतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या प्रकाशनापर्यंत ठरावीक मुदत आणि त्यानंतर श्रेयासह खुली नोंद. सल्लागार संस्थांना मात्र ही सवलत नको. त्यांच्या अहवालावर परवानगी मिळते, म्हणून त्यामागची मूळ मोजमापेही अहवालासोबतच जमा झाली पाहिजेत.

यासाठी नवे मंडळ नको, नवी इमारत तर नकोच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार प्रत्येक महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. भिवंडी-निजामपूर महापालिकेने त्याला एक जोडपत्र लावावे: कामवारी, वऱ्हाळा तलाव आणि खाडीकाठ यांचे क्षेत्र, स्थिती आणि सेवा, आणि प्रत्येक आकड्याखाली तो कुठल्या कार्यालयातून किंवा कुठल्या अभ्यासातून घेतला याची नोंद. जिथे माहिती मिळाली नाही तिथे कुणी दिली नाही ते लिहावे. खाडी पालिकेच्या हद्दीशी थांबत नाही, म्हणून एमएमआरडीएने साठ गावांची पाने त्यालाच जोडावीत. केंद्राने २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत हजारो संशोधन-नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली आहेत. महापालिकेचा पर्यावरण विभाग त्या यादीत बसत नाही. तो बसवायला किंवा जवळच्या विद्यापीठाशी करार करून वाचायला माणूस नेमायला फार खर्च येणार नाही. पहिल्या वर्षी या जोडपत्रातले निम्मे रकाने रिकामे राहतील. तेच आधी छापावेत, म्हणजे पुढच्या सर्वसाधारण सभेत नगरसेवकांना विचारायला प्रश्न तरी तयार असतील.