सांडपाण्यात एम.टेक. करून काय करणार?

आपल्या राज्यात पर्यावरणावर प्रेम नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. ५ जूनला गावोगाव रोपं लावली जातात, पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा झाला आणि त्याबरोबर 'प्रकल्प' आले. मी मास्तर माणूस, असे शेकडो प्रकल्प पाहिले आहेत. थर्माकोलचे डोंगर, थर्माकोलची नदी, आणि वर मोठ्या अक्षरात 'पर्यावरण वाचवा'!

हे प्रेम किती खोल आहे ते पाहायचं असेल, तर घरातल्या मुलीनं जेवताना सहज म्हणून पाहावं, की मला पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करायचंय. बघा मग काय होतं ते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. सिव्हिलची पदवी घेतली, गेटची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिनं नेमकं हेच म्हटलं. तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, अर्धी जमीन विकलेली, अर्धी राखलेली. म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच समजवा आता. बांधकामातलं काही शिकली असती तर मी अडवलं नसतं. पण सांडपाण्यात एम.टेक. करून ही करणार काय?"

मला त्या माणसाचा राग आला नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातोय. तो मुलीला नाही, सरकारला विचारायला हवा. पदवी तुम्ही काढलीत, तर ती घेतलेल्या माणसाला बसायला खुर्ची कुठे ठेवलीत?

आधी हे शास्त्र आहे काय ते पाहू. आमच्यासारख्या बी.ए. झालेल्यांनाही समजेल इतकं ते सोपं करून सांगता येतं.

हजार फ्लॅटची एक सोसायटी धरा. घरटी चार माणसं म्हणजे चार हजार. शहरी हिशेबानं माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. झाले ५ लाख ४० हजार लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे रोज सव्वाचार लाख लिटरहून जास्त. आता पुढचं गणित. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. त्यावर मासे जगतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरमधली घाण कुजवायला मात्र २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी नदीच्या तीस लिटर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकू शकतं. एका सोसायटीसाठी रोज सव्वा कोटी लिटर नदी!

यावरचा उपायही जुनाच आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिलं, की सांडपाण्यात हवा खेळवत ठेवली आणि तळाला बसलेला जिवाणूंचा गाळ पुन्हापुन्हा वापरला, तर तेच जिवाणू घाण खाऊन टाकतात. आज सोसायट्यांच्या तळघरात जे 'एसटीपी' असतात, त्यातल्या पुष्कळांचं मूळ तिथं आहे. म्हणजे हे जिवंत यंत्र आहे. गोठ्यातल्या जनावरासारखी त्याची निगा ठेवावी लागते. वीजबिल वाचवायला हवेचा पंखा बंद ठेवला, की जिवाणू मरतात आणि टाकीत आलेली घाण तशीच पुढे जाते. आमच्या भागातल्या एका सोसायटीमागच्या ओढ्याला पहाटे जो वास येतो, त्यावरून तिथला पंखा रात्री चालू होता की नाही हे मी झोपेतूनही सांगू शकतो. सोसायटीच्या लोकांना विचारलं तर म्हणतात, "काका, आम्ही ते काम कंत्राटावर दिलंय." कंत्राटदाराचा माणूस बटण दाबायला येतो. आत काय चाललंय हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आता आमचं शिरगाव कुठं आहे ते पाहा. एका अंगाला सोमाटणे, दुसऱ्या अंगाला गहुंजे. गुरुवारी साईमंदिराला येणाऱ्यांची गर्दी, एक्स्प्रेस वेच्या आसपास वाढत चाललेल्या इमारती, आणि आमच्या ओढ्यांचं पाणी शेवटी जातं पवनेला. पुढं रावेतला बंधारा आहे आणि तिथून पिंपरी-चिंचवड आपलं पिण्याचं पाणी उचलतं. म्हणजे आम्ही वर जे सोडतो, ते खाली लाखो लोकांच्या पाण्याच्या वाटेत येतं.

९ ऑगस्ट २०११ ला याच तालुक्यात, बऊरजवळ, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद नळाविरुद्ध आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, पाणी नळातून गेलं तर नदीकाठच्या शेतीचं काय? आणि नळाच्या बाजूनं जी कारणं सांगितली जात, त्यातलं एक असं होतं, की नदीतून येता येता पाणी घाण होतं. थोडं थांबून विचार करा. नदी स्वच्छ राहिली असती, तर निदान हे एक कारण तरी उरलं असतं का? धरणाच्या पाण्यावरून आपण भांडलो, माणसं गमावली. पण धरण आणि रावेत यांच्यामधल्या सांडपाण्याचा हिशेब कुणी ठेवायचा, यावर एवढं मोठं आंदोलन झाल्याचं मला आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, हे करायला एम.टेक. कशाला हवं? आमच्या शेजारच्या देहूचं उदाहरण देतील. द्यावंच. १९५९-६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुस्कर देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. रोगी पोटाचे, आणि गावात संडास नाहीत. गोळ्या देऊन रोग हटेना, म्हणून डॉक्टर संडास बांधायला निघाले. पहिले संडास पावसात ढासळले. मग कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामातून ते शिकले, संडासाची बांधणी बदलली, मैल्यापासून गॅस काढणारे संच बसवले आणि घरोघरी फिरून लोकांचं मन वळवलं. २०१५ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

डॉक्टरांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती हे खरं. पण या गोष्टीचा अर्थ आपण सोयीचा लावतो. त्यांनी एका गावासाठी सगळा जन्म दिला. गावोगाव असा एकेक मापुस्कर जन्माला येईल, अशी वाट पाहत बसणं ही राज्य चालवायची रीत नव्हे. शिवाय तेव्हाचा प्रश्न एका घराच्या खड्ड्याचा होता. आज बारा मजली इमारतीचा आहे. आमच्या मावळात मुरमाखाली काळा कातळ लागतो आणि पावसाळ्यात जमीन पाणी घ्यायचंच थांबवते. इथं शोषखड्डा किती खोल, कुठं चालेल, कुठं शेजारच्या विहिरीत झिरपेल, हे अंदाजपंचे ठरवून कसं चालेल? ते मोजावं लागतं, आणि मोजायला शिकलेला माणूस लागतो.

हा माणूस घडवण्याची सोय आपल्याकडे नाही असंही नाही. मुंबईची आयआयटी आहे, व्हीजेटीआय आहे, नागपूरची व्हीएनआयटी आहे, सांगलीचं वालचंद आहे. गेटच्या परीक्षेत तर २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. नागपूरला नीरीसारखी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे. तिचं मूळ नाव ध्यानात घ्या : केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९७४ मध्ये नाव बदललं, 'सार्वजनिक आरोग्य' गेलं आणि 'पर्यावरण' आलं. संस्थेचं काम त्यानं वाढलंच असेल. पण लोकांच्या मनात मात्र पर्यावरण म्हणजे झाडं आणि वाघ. गटार त्यात येत नाही. 'आरोग्य अभियंता' म्हटलं असतं तर त्या मुलीच्या वडिलांना चटकन कळलं असतं, की ही गावाला पटकीपासून वाचवायला शिकणार आहे.

बरं, शिकून बाहेर पडल्यावर काय? राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत शाखा विचारतात त्या स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत. प्रदूषण नियंत्रण मंडळात काही जागा असतात, पण मंडळाचं काम मुख्यतः परवानगी देण्याचं आणि तपासण्याचं. गावाचं सांडपाणी चालवून दाखवणं हे त्याचं काम नव्हे. उरतात सल्लागार कंपन्या. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी, तर त्याचे परिणाम सांगणारा अहवाल लागतो. तो लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतं? ज्याला प्रकल्प उभारायचाय तोच! परीक्षार्थ्यानं स्वतःचा परीक्षक नेमून त्याचा पगारही द्यावा, असा हा प्रकार. प्रामाणिक मुलगा तिथं किती दिवस टिकेल? तो संगणकाच्या कंपनीत निघून गेला, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

याची किंमत कोण देतं तेही सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी या बाजूला, गुलेन बारी नावाच्या आजाराची साथ आली. धडधाकट माणसाचे हातपाय लुळे पडायचे. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. तपासण्यांत काही रुग्णांमध्ये दूषित अन्नपाण्यातून येणारे जंतू सापडले. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकून ते नळाला सोडलं जात होतं. इमारती आधी आल्या, शुद्धीकरण केंद्र मागे राहिलं. आमच्याकडेही इमारती येतच आहेत, वाचकहो.

माझं कॉलेजांशीही भांडण आहे. एम.टेक. दोन वर्षांचं, आणि त्यात प्रबंधाला पुष्कळ वेळ दिलेला असतो. त्या वेळात मुलं संगणकावर नदीचं प्रारूप करतात, एक शोधनिबंध छापतात आणि बांधणी केलेला प्रबंध कपाटात जातो. आमच्या वडगावला भात संशोधन केंद्र आहे. १९८७ साली तिथून इंद्रायणी तांदूळ निघाला आणि आज तो घराघरात शिजतो. मावळच्या पावसात, मावळच्या खाचरांजवळ बसून केलेलं संशोधन होतं ते. सांडपाण्याचं संशोधन मात्र वातानुकूलित खोलीत का? प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव द्या. त्या गावाचं पाणी येतं किती, जातं कुठं, विहिरीत उतरतं किती, हे त्यानं चारही ऋतू मोजावं आणि प्रबंध मराठीतही लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा. ग्रामसभेत उभं राहून उत्तरं देणं ही तोंडी परीक्षेपेक्षा अवघड परीक्षा आहे.

आणि सरकारनं एवढंच करावं : प्रत्येक पंचायत समितीत आरोग्य अभियंत्याचं एक कायम पद निर्माण करावं, आणि त्याला ही पदवी बंधनकारक करावी. जलजीवन मिशननं २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात आणायचं ठरवलं, उत्तम झालं. पण घरात आलेलं पाणी घरातून बाहेरही जातं. आणणाऱ्याला पद आहे, मग नेणाऱ्याला का नको? पैसे नाहीत म्हणू नका. एका अभियंत्याचा वर्षाचा पगार आणि एका साथीतला अतिदक्षता विभागाचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा.

त्या मुलीच्या वडिलांना मी सांगितलं, की पोरीला जाऊ द्या, आणि तुमचा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत मांडा. तुम्हीही मांडा. आपल्या गावाचं सांडपाणी रोज किती लिटर आहे, ते जातं कुठं, आणि त्याचा हिशेब कुणाकडे आहे? सरपंच ग्रामसेवकाकडे बघतील, ग्रामसेवक तालुक्याकडे बोट दाखवेल. मग तालुक्याला जा आणि हेच विचारा. लेखी उत्तर मागा.