टोमॅटोचा तोडा उक्ता, मग जादा तासांचा हिशेब कोण ठेवणार?

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. डोंगराकडच्या आदिवासी गावांतून आलेले स्त्री-पुरुष उभे असतात. शेतकरी किंवा मुकादम येतो, दर ठरतो आणि टोळी गाडीत बसून शेताकडे निघते. बोलणी होते ती पैशांची. जेवायला किती वेळ, सुट्टी किती वाजता, उशीर झाला तर त्याचे किती, हे बहुतेक वेळा ठरतच नाही.

जुन्नर-आंबेगावात उशीर ही साधी गोष्ट नाही. उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर घरी परतणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं. म्हणून प्रश्न पडतो: जादा तासांबद्दल कायदा काय म्हणतो?

कायदा काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा तिने घेतली. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. त्याच किंवा सारख्या कामासाठी बाईला पुरुषापेक्षा कमी दर देता येत नाही. रोजंदारीचे पैसे त्या दिवशी काम संपताना द्यायचे असतात. ठरलेल्या दिवसापेक्षा जास्त काम झालं, तर जादा वेळेला किमान दुप्पट दर लागतो.

हिशेब सोपा आहे. समजा, आठ तासांचा रोज ४०० रुपये आहे. म्हणजे तासाला ५० रुपये. दोन तास जादा झाले, तर त्यांचे १०० नव्हे, २०० रुपये व्हायला हवेत. त्या दिवसाचे एकूण ६०० रुपये.

काम उक्तं असेल तर?

खरी गोम इथे आहे. टोमॅटोचा तोडा क्रेटवर, कांद्याची लागण एकरावर, ऊसतोड टनावर ठरते. जादा तासांची दुप्पट मजुरी कायद्याने तास किंवा दिवसाच्या दराला जोडली आहे. उक्त्या कामात दिवस लांबला तरी ‘ओव्हरटाइम’ आपोआप मिळत नाही.

तरीही उक्तं काम कायद्याबाहेर जात नाही. ज्या कामाला सरकारने वेळेनुसार किमान दर ठरवला आहे, पण नगावरचा दर ठरवलेला नाही, तिथे उक्त्या मजुराच्या हातातही तेवढा किमान दर पडलाच पाहिजे. दिवसभर क्रेट भरून त्याहून कमी मिळाले, तर फरक मागता येतो.

शेतकऱ्याला परवडत नसेल तर?

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला आणि काही आठवड्यांत कोसळला. पण भाव चढला तेव्हा मजुरी त्याच पटीने वाढत नाही. मग भाव पडल्याचा भार मजुरावर का? किमान वेतन हा तळ आहे, तो मालकाच्या नफ्यावर ठरत नाही. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटलं की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमानुसार वेठबिगारी आहे.

दुकानं आणि हॉटेलांचं काय?

नारायणगाव, आळेफाटा, मंचर ही पुणे-नाशिक महामार्गावरची गजबजलेली गावं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद होती. तो पूर्णपणे लागू व्हायचा तो दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे. राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंजूर केलेल्या बदलांत दिवस दहा तासांचा झाला आणि कामगारांची अट २० वर गेली. महामार्गावरच्या अनेक लहान हॉटेलांत इतके कामगार नसतातच. म्हणजे तिथल्या पोऱ्याला विश्रांतीच्या या नियमाचा आधार उरत नाही. किमान वेतनाचा हक्क मात्र कामगार एक असो वा शंभर, कायम आहे.

मग हक्क अडतो कुठे?

नोंदीत. मालकाने हजेरी-मजुरीची नोंदवही ठेवावी आणि वेतनाची पावती द्यावी, असं संहिता सांगते. शेतीकामाला पाचपेक्षा जास्त माणसं नसतील तर यातून सूट आहे. तरीही निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. तोड्याची टोळी मात्र सहज पाचच्या वर जाते.

मजुरांसाठी सगळ्यात कामाची तरतूद वेगळीच आहे. मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली असा दावा केला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

पण आपण त्या शेतात होतो, हे मजुरालाही दाखवता आलं पाहिजे. म्हणून तारीख, शेत, मुकादम, आल्याची-गेल्याची वेळ, क्रेट आणि मिळालेले पैसे एका वहीत रोज लिहून ठेवावेत. टोळीत एकीला लिहिता येत असलं तरी पुरे. पैसे मोबाइलवर आले तर ती नोंद जपावी. तक्रार कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातल्या कार्यालयात करता येते.

अड्ड्यावर दर ठरवताना आणखी एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत: ‘सुट्टी किती वाजता?’ तास आधी ठरले, तरच जादा तास मोजता येतात.