काउन्सेलरला प्रश्न विचारा की राव!

मंडळी, मराठी माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी पाच मिनिटं हुज्जत घालतो. फ्लॅट घ्यायचा म्हटलं की कागदपत्रं वकिलाला दाखवतो, वर शेजारच्या काकांनाही दाखवतो. हाच माणूस खाजगी काउन्सेलरकडे गेला की मात्र एकदम आज्ञाधारक विद्यार्थी. "तुमचं शिक्षण काय?" एवढं विचारायचीसुद्धा टाप नाही. का, तर म्हणे बरं दिसत नाही!

माझं म्हणणं सरळ आहे. थेरपीची पहिली दोन-तीन सेशन्स ही काउन्सेलरने तुम्हाला पारखायची असतात, तितकीच तुम्ही त्याला पारखायची असतात. तिथे गप्प बसणं म्हणजे नम्रपणा नव्हे, निव्वळ हलगर्जीपणा आहे.

आधी पाटीबद्दल बोलू. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर, तो औषधं लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते. हा १९९२ चा कायदा आहे, आणि नोंदणी असेल तर नंबर असतो. पण नुसता "काउन्सेलर"? हा शब्द एम.ए. करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम शिकलेल्या माणसाच्या पाटीवर असतो, आणि चार वीकेंडचा कोर्स केलेल्याच्या पाटीवरही असतो. २०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झाला, त्याच्या यादीत काउन्सेलरही आहेत. चांगलंच झालं. पण दिल्लीत कायदा झाला म्हणून तुमच्या गल्लीतली पाटी आपोआप तपासली जात नाही. ते काम तुमचंच.

गुप्ततेचंही तेच. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पण तो ज्या "आरोग्य व्यावसायिकां"वर बंधन घालतो, त्यांत सरसकट प्रत्येक काउन्सेलर येतोच असं नाही. म्हणून हेही तोंडाने विचारायचं: नोंदी कुठे ठेवता? कोण वाचतं? आणि कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझ्या घरच्यांना सांगाल? जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागते, हे जबाबदार काउन्सेलर पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. "काही काळजी करू नका, सगळं आपल्यातच राहील" एवढ्यावर भागवणारा माणूस गोड असेल, पण काम कच्चं आहे.

आता पहिल्या भेटीत होतं काय? साधारण ५० मिनिटं ते एक तास. झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरात कोण कोण, आधी काही आजार, काही औषधं, दारू, आणि हो, मरणाचे विचार येतात का, असं सगळं विचारतात. शेवटच्या प्रश्नाने दचकू नका, तो न विचारणाराच चुकतोय. सल्ला बहुधा मिळत नाही. "बॉसला काय सांगू?" याचं उत्तर घेऊन यायला गेलेला माणूस हात हलवत परततो आणि म्हणतो, "दीड हजार रुपये घेतले आणि नुसतं ऐकून घेतलं!" बाबा रे, ते ऐकणं म्हणजे रिक्वायरमेंट समजून घेणं आहे. पहिल्याच मीटिंगमध्ये कोड लिहायला बसणाऱ्या कन्सल्टंटला आपण काय म्हणतो, आठवा. घरी आल्यावर डोकं जड होईल, एखाद वेळी रडूही येईल. त्यावरून लगेच थेरपी फसली असं ठरवू नका.

इथे हमखास येणारा आक्षेप: "अहो, पण विश्वास ठेवल्याशिवाय कसं होणार? डॉक्टरची उलटतपासणी घेतात का?" विश्वास लागतोच, प्रश्नच नाही. पण एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली थेरपीतल्या नात्याची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: आपुलकीचं नातं, ध्येयाबद्दल एकमत आणि ते गाठायला काय करायचं याबद्दल एकमत. तीनपैकी दोन गोष्टी चक्क बोलून ठरवायच्या आहेत! प्रश्न न विचारता त्या ठरणार कशा? आपल्याकडे मात्र काउन्सेलरला गुरुमहाराज करून टाकायची खोड आहे. पायावर डोकं ठेवलं की आपली जबाबदारी संपली.

तर हे विचारा, लाजू नका:

१. शिक्षण कुठे झालं, आणि आता तुमच्या कामावर कोणा अनुभवी माणसाची देखरेख असते का?
२. माझ्यासारख्या तक्रारीवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? (सीबीटी असेल तर गृहपाठ मिळेल, तो करावा लागेल.)
३. फी किती, सेशन रद्द केलं तर किती कापता?
४. फरक पडतोय की नाही, हे कधी आणि कसं बघायचं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "मनाचं मोजता येत नाही" ही पळवाट आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची साधी ९ प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. त्यावरून सगळं कळत नाही, मान्य. पण सुरुवातीला १८ होते आणि सहा सेशन्सनंतरही १८ च असतील, तर दोघांनी बसून बोलायला नको? पद्धत बदलायची, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवायचं, की दुसरा काउन्सेलर बघायचा, हे तिथे ठरतं. आणि काउन्सेलर बदलणं ही बेइमानी नव्हे.

काही बाबतींत मात्र थांबायचंच नाही. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करा म्हणणारा, पत्रिका किंवा खडे काढणारा, तुमच्या गोष्टी तुमच्या आईला फोनवर सांगणारा, प्रश्न विचारल्यावर चिडणारा: उठा आणि या. चांगल्या काउन्सेलरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट हायसं वाटतं.

असो. हे सगळं सवडीने निवड करता येते तेव्हाचं. जीव नकोसा झाला असेल तर पाटी वाचत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. आधी तो फिरवा. शिक्षण-बिक्षण नंतर विचारू.