पाण्याचा हक्क मिळाला, पाण्याचे शास्त्र केव्हा?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि माणूसपणाचा हक्क बजावला. तळ्यावरचा तो हक्क आम्ही दरवर्षी अभिमानाने आठवतो. पण तळ्यातल्या पाण्याचे शास्त्र आम्ही शिकलो काय? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आहेत. गावोगावी शेततळी झाली. तिथे मत्स्यशेती होते. एखाद्या पहाटे तळ्यातली मासळी मरून वर तरंगते, आणि गावात बोभाटा होतो की कुणीतरी विष टाकले. संशयाचे बोट कोणत्या वस्तीकडे वळते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

रसायनशास्त्र काय सांगते? दिवसा पाण्यातले शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात आभाळ भरलेले असेल आणि तळ्यात शेणखत जास्त पडले असेल, तर मासे गुदमरून मरतात. तिथे ना कुणाची नजर लागलेली असते, ना कुणी विष टाकलेले असते.

अमोनियाचेही असेच आहे. तो माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होतो. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश तापमानाला त्यातला विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी असतो. सामू ९ झाला की तोच भाग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. पाणी डोळ्यांना तेच दिसते. फरक फक्त तपासणीत कळतो. ज्याला ही तपासणी येते त्याचे तळे वाचते, आणि प्रसंगी वस्तीवरचा खोटा आळही टळतो.

जीवरसायनशास्त्राची कथा याहून मोठी आहे. पूर्वी कार्प माशांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. त्या एका प्रयोगाने देशाची मत्स्यशेती बदलली. खाद्याचेही तसेच. माशाला दहा आवश्यक अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. शेंगदाण्याच्या पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन कमी पडते; ते कशाने भरून काढायचे हे ज्याला कळते, त्याचा खाद्यावरचा खर्च वाया जात नाही.

हे शिक्षण दूर नाही. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी ६० टक्के, तर इतरांसाठी ४० टक्के अनुदान ठेवले गेले. पण अनुदानाने तळे खोदता येते, तळे जगवता येत नाही. ज्ञान नसेल तर लाभार्थी म्हणून नाव आपले आणि तळे ठेकेदाराचे, अशी गत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ढिवर, भोई, कोळी बांधवांच्या परंपरागत हक्कावर डोळा ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांची आणि आमची मुले एकाच प्रयोगशाळेत शेजारी उभी राहिली, तर ती खरी बहुजन एकजूट होईल.

दहावी झाली की "सायन्स झेपणार नाही, आर्ट्स घे" असा सल्ला आमच्या मुलांना अजूनही दिला जातो. सल्ला देणाऱ्याने त्या मुलाची कुवत तपासलेली नसते, फक्त आडनाव वाचलेले असते. प्रशासनात आमची माणसे हवीतच. पण प्रयोगशाळेतही हवीत. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे, हे विसरू नका.

वस्तीतल्या समाजमंदिरांनी, बुद्धविहारांनी यंदा एवढे करावे : अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राचा रविवारचा वर्ग सुरू करावा. शिकवायला आपल्यातलेच शिक्षक आणि पदवीधर पुढे यावेत. चवदार तळ्याचे पाणी आपण ओंजळीत घेतले. आता ते परीक्षानळीतही घेऊ या.

जयभीम!