परवाना, व्यसन आणि डॉक्टरांचे मौन

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. चालकाच्या रक्ताच्या तपासणीत मद्याचा अंश आढळल्याचे वृत्त पुढे काही दिवसांतच प्रसिद्ध झाले. अपघाताचे ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातले असले, तरी ते जालन्याला लागूनच आहे. त्यामुळे भोकरदन तालुक्यातील आमच्या हसनाबादेतही त्याची चर्चा दीर्घकाळ चालली. अशा चर्चेत एक मागणी हमखास ऐकू येते. चालक व्यसनी आहे हे ज्या डॉक्टरला ठाऊक असेल, त्याने ते परिवहन कार्यालयास कळविलेच पाहिजे आणि कायद्याने तशी सक्ती करावी, अशी ती मागणी आहे. तिच्यामागील हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु तिचा स्वीकार झाल्यास रस्ते अधिक सुरक्षित न होता अधिक धोक्याचे होतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम या व्यवसायाचे अर्थकारण पाहू. आमच्या भागात एस.टी. चुकली की काळी-पिवळी जीप हाच आधार. ती चालविणारा पुष्कळदा तिचा मालक नसतो. ठरलेली रक्कम रोज मालकाच्या हाती ठेवावयाची, डिझेलचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते घरी न्यावयाचे, अशी ही रीत आहे. येथे उत्पन्न तासांवर नव्हे, तर फेऱ्यांवर अवलंबून असते. लग्नसराईत रात्री वऱ्हाड पोहोचवून आलेला माणूस सकाळी पुन्हा थांब्यावर उभा राहतो तो याच कारणाने. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली खरी. परंतु तो कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता, आणि एका जीपच्या धंद्याला तो शिवतही नव्हता. शिणलेले शरीर मग कशाचा तरी आधार शोधते. कोणी बाटली जवळ करतो, तर कोणी ‘बटन’ या नावाने ओळखली जाणारी झोपेची गोळी घेतो. अशा गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज विकू नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो, हे सांगावयास नकोच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ प्रत्यक्ष कृत्याला शिक्षा देते. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य घेऊन, किंवा अंमली पदार्थामुळे ताबा सुटलेल्या स्थितीत वाहन चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याच कायद्याचे कलम १९ मात्र कृत्याकडे नव्हे, तर माणसाकडे पाहते. चालक अट्टल मद्यपी किंवा अंमली पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेला असल्याची खात्री झाल्यास परवाना देणारा अधिकारी त्यास अपात्र ठरवू शकतो. याउलट १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४अ असे सांगते की, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास पुढे आला, तर त्याच्यावरील खटला टळू शकतो. म्हणजे उपचारास येणाऱ्याला फौजदारी कायदा अभय देतो. परवान्याचा कायदा त्याबाबत मौन पाळतो. गरीब चालकाला तुरुंगाइतकेच परवान्याचे भय असते, किंबहुना अधिकच.

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी घरी आला होता. त्याचे वडील जीप चालवीत आणि गोळ्यांच्या आहारी गेले होते. मुलाने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर विचारले, “सर, दवाखान्यात नाव लिहून घेतात. ते आर.टी.ओ.कडे जातं का?” आजच्या नियमांनुसार सामान्यतः जात नाही, एवढेच मी सांगू शकलो. ‘सामान्यतः’ या शब्दाने त्याचे समाधान झाले नाही. वडील दवाखान्यात गेले नाहीत. जीप मात्र चालवीत राहिले.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही सांगेल की, किंमत वाढली की मागणी घटते. उपचाराची किंमत म्हणजे केवळ डॉक्टरची फी नव्हे. उपजीविका गमावण्याची भीती हा त्या किमतीचा सर्वांत मोठा भाग होय. डॉक्टरवर कळविण्याची सक्ती केली, तर व्यसनी चालकांची संख्या घटणार नाही, उपचार घेणाऱ्यांची घटेल. परिवहन कार्यालयाच्या यादीत सुटकेची धडपड करणारे तेवढे सापडतील, आणि ज्यांनी ती धडपड केलीच नाही ते कागदोपत्री निष्कलंक राहतील. व्यसन हा आजार आहे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्याचे काम पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून करीत आले आहे. त्या दृष्टीशी ही सक्ती सर्वथा विसंगत ठरेल.

यावर एक बिनतोड वाटणारे उदाहरण दिले जाते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने आपले विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळविले. १५० जण दगावले. त्याच्या आजाराची कल्पना डॉक्टरांना होती, कंपनीला नव्हती. परंतु फ्रेंच तपास यंत्रणेने जी कारणे नोंदविली, ती मुळातून पाहण्यासारखी आहेत. गोपनीयता केव्हा बाजूस सारावी याचे स्पष्ट नियम जर्मनीत नव्हते, हे एक कारण होतेच. परंतु उड्डाणाचा हक्क आणि उत्पन्न गमावण्याची भीती हेही तिने तितक्याच स्पष्टपणे नमूद केले. केवळ डॉक्टरचे तोंड उघडून हा प्रश्न सुटत नाही, असाच याचा अर्थ होतो.

मग प्रवाशाने काय करावे? त्याच्या जिवाचे मोल रुग्णाच्या गुपिताहून कमी आहे काय? मुळीच नाही. परंतु उपचार करणारा डॉक्टर वेगळा आणि तपासणी करणारा डॉक्टर वेगळा, ही साधी विभागणी आपण केलेली नाही. प्रवासी वाहनाच्या चालकाच्या परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली. त्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र उमेदवार स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरकडून आणतो, आणि पुष्कळदा ते निव्वळ उपचार म्हणून दिले जाते. हा तपासणी करणारा डॉक्टर शासनाने नेमावा, चालकाने निवडू नये. नूतनीकरणाच्या वेळी व मध्यंतरी अचानकही त्याने रक्त-लघवीची तपासणी करावी आणि कार्यालयास ‘पात्र’ वा ‘अपात्र’ एवढेच कळवावे. ही परीक्षा सर्वांना सारखीच राहील. तीत कोणाचेही गुपित फुटणार नाही.

जो आपण होऊन उपचारास जाईल, त्याचा परवाना रद्द न करता ठरावीक काळ स्थगित ठेवावा आणि तपासणीत पात्र ठरताच तो बिनशेरा परत करावा. त्या काळात घर चालविण्यासाठी चालक कल्याण निधीतून निर्वाहभत्ता द्यावा. खर्च होईल हे खरे; पण एका अपघाताने कुटुंबांवर आणि सरकारी तिजोरीवर पडणाऱ्या भारापुढे तो नगण्य ठरेल.

अपवादही असलाच पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास गंभीर व निश्चित धोका असल्यास, गुपित उघड करण्याची मुभा डॉक्टरला दिलेलीच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही सार्वजनिक सुरक्षिततेचा अपवाद आहे, आणि त्या कायद्यात मद्य व अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारही येतात. नशेत उद्या पुन्हा गाडी काढणार असे सांगणाऱ्या चालकाबाबत डॉक्टरने गप्प बसू नये. मात्र ब्रिटनमध्ये रूढ असलेला क्रम येथेही असावा. आधी रुग्णास गाडी न चालविण्यास बजावावे. त्याने ऐकले नाही तर त्यास सांगून मगच कार्यालयास कळवावे. अपवादाचा नियम करू नये, एवढेच म्हणणे आहे.

माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आजही अनेक घरांत दबक्या आवाजात विचारला जात असेल. ‘आपणहून उपचाराला या, तुमचे नाव कोठेही जाणार नाही आणि बरे झाल्यावर परवाना परत मिळेल’, असे उत्तर ज्या दिवशी शासनाला छातीठोकपणे देता येईल, त्या दिवसापासून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसणारा आमचा प्रवासी थोडा अधिक निर्धास्त होईल.