यंत्राने आधी गादी उचलावी

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते. महामार्गाने उत्तरेला गेले की मुंबई. दोन्हीकडच्या बड्या हॉटेलांना खोल्या आवरणारी माणसे लागतात आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून नोकरीसाठी बाहेर पडण्याची रीत जुनी आहे. आता जगभरच्या आलिशान हॉटेलांत या कामासाठी यंत्रे येत आहेत. यंत्रामुळे नोकरी जाईल का, ही धास्ती रास्तच. पण तितकाच महत्त्वाचा प्रश्न कामगाराच्या कमरेचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही.

खोली आवरणे हे हलके काम समजले जाते. प्रत्यक्षात चादर खोचण्यासाठी जाडजूड गादीचा कोपरा वाकून उचलावा लागतो. एका पलंगाला चार कोपरे आणि दिवसाला असे कितीतरी पलंग. अमेरिकेतील ‘नायोश’ ही व्यवसाय-आरोग्य संस्था वजन उचलण्यासाठी 23 किलोंची मर्यादा सुचवते, तीही वजन शरीराजवळ आणि सोयीच्या उंचीवर असेल तर. वाकून, हात लांबवून किंवा कंबर पिळून उचलायचे असेल, तर ही मर्यादा झपाट्याने खाली येते. कारण वजन शरीरापासून जितके दूर, तितका मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. हा तरफेचाच नियम आहे. त्यात बाथटब घासणे आणि गालिच्यावरून भरलेली ट्रॉली ढकलणे यांची भर पडते.

अमेरिकेतील 50 हॉटेलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. हॉटेलातल्या कामांपैकी दुखापतींचे प्रमाण खोल्या आवरणाऱ्यांतच सर्वाधिक आढळले. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये या कामगारांच्या स्नायू व सांध्यांच्या दुखापती टाळण्यासाठी स्वतंत्र नियम लागू केला.

यंत्रे मात्र भलतीकडेच लागली. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातील एका हॉटेलात पाहुण्याच्या दारापर्यंत टॉवेल पोहोचवणारा रोबो आला; मग कॉरिडॉर झाडणारे रोबो आले. ते पाहुण्यांना दिसतात, त्यांचे कौतुक होते. जपानमध्ये नागासाकीजवळ 2015 मध्ये ‘हेन ना’ हे रोबोंचे हॉटेल सुरू झाले. 2019 पर्यंत तिथले निम्म्याहून अधिक रोबो काढून टाकावे लागले, कारण त्यांच्यामुळे माणसांचेच काम वाढत होते. कमरेला खरा आधार देणारी साधने साधी आहेत: बटण दाबताच वर येणारा पलंग, मोटरवर चालणारी ट्रॉली, लांब दांड्याचा फिरता ब्रश, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर.

यात एक धोकाही आहे. फरशी रोबोने झाडली म्हणून कामगाराच्या वाट्याला दोन खोल्या वाढवल्या, तर गादीचे आठ कोपरे वाढतात. हलके काम यंत्राकडे जाते आणि जड काम माणसाकडे अधिकच साचते. म्हणून यंत्र आल्यावर खोल्यांचा कोटा वाढणार नाही, ही अट यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

1948च्या कारखाने कायद्यात इजा होईल इतके वजन उचलायला लावण्यास मनाई होती. पण ‘कारखाना’ या व्याख्येतून हॉटेल वगळलेले होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला लागू असलेले कलम हॉटेलच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हते. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना कक्षेत घेतल्या आहेत. गादी, ट्रॉली आणि खोल्यांची संख्या यांचा स्पष्ट उल्लेख असलेले नियम राज्याने त्याआधारे करावेत.

कंबर गेलेला कामगार गावी परततो, तेव्हा त्याच्या उपचाराचा खर्च घर सोसते. भातलावणीही वाकूनच करायची असते. तीही त्याला जमत नाही. हॉटेलच्या जमाखर्चात यातले काहीच दिसत नाही. नवे यंत्र घेताना व्यवस्थापनाने किती माणसे वाचली हे मोजण्याआधी, कितीदा वाकणे वाचले हे मोजावे.